मोजलेलं पाणी

मुलीनं आधी बुकिंग केलं आणि मग मला विचारलं. विचारलं म्हणजे कळवलं. पुण्याहून तिचा फोन आला, "बाबा, सप्टेंबरात तीन दिवस आपल्याले जंगलात जायचं हाये. वर्षावन म्हणते त्याले. कर्नाटकात, घाटात हाये." मी बरं म्हणालो. त्या वर्षी मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो. गॅसवाला म्हणाला सिलिंडर परवा, बरं. डॉक्टर म्हणाला मीठ कमी करा, बरं. वाद घालायला आतून काहीतरी उठावं लागतं, ते उठत नव्हतं.

बायको जानेवारीत गेली. आठ दिवसांचा ताप, अकोल्याचा दवाखाना, आणि संपलं. तेव्हापासून मी रडलो नव्हतो. अकोल्याला नाही, मानोऱ्याला घरी आणलं तेव्हा नाही, नंतर एकटा असतानाही नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. मुलगी तसं म्हणाली नाही. ती माझ्याकडे बघायची आणि काहीतरी शोधायची, हे मला दिसत होतं. आईचं बाबांना काही वाटलं की नाही, एवढंच तिला हवं होतं. खरं सांगायचं तर तिच्याआधी ही शंका मलाच आली होती. चौतीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस इतका कोरडा कसा राहतो?

तिचा राग एका दिवसावरचा होता, तो आधी सांगून टाकतो. आमच्यात माणूस गेल्यावर जलदान विधी असतो. ताटात एक वाटी ठेवतात, घरातली माणसं तांब्याला हात लावतात आणि पाण्याची बारीक धार वाटीत सोडतात. वाटी भरते, भरून ताटात सांडते, आणि भंतेजींची गाथा संपेपर्यंत ती सांडू द्यायची असते. इथून दिलेलं गेलेल्या माणसाला पोचावं, असा त्यामागचा भाव. आमच्या घरी तांब्या मी धरला होता आणि माझ्या हाताला मुलीनं हात लावला होता. वाटी काठोकाठ आली तसा मी तांब्या वर उचलला. धार थांबली. मी खाली वाकलो, एक डोळा मिटला आणि वाटीतल्या पाण्याच्या रेषेत दुसरा डोळा आणला.

भंतेजी क्षणभर अडखळले. पाहुण्यांना वाटलं, दुःखानं चक्कर आली, दोघांनी येऊन मला धरलं. मुलीला मात्र नेमकं माहीत होतं मी काय करत होतो. मी तिच्या आईच्या जलदानाचं माप घेत होतो.

ही खोड नोकरीची. मानोऱ्याच्या कचेरीत मी बाबू होतो, आणि आवारात पर्जन्यमापक होता, तो एकोणतीस वर्षं माझ्याकडे. रोज सकाळी साडेआठला जायचं, नरसाळं काढायचं, आतल्या बाटलीतलं पाणी मापाच्या काचेच्या ग्लासात ओतायचं आणि वाचायचं. उभ्या उभ्या वाचून चालत नाही. डोळा पाण्याच्या पातळीला आणावा लागतो. पाणी काचेच्या कडेनं थोडं वर चढलेलं असतं आणि मधे खाली असतं. वाचायचं ते खालचं. मग वहीत लिहायचं. आमचं क्वार्टर कचेरीच्या मागेच होतं, म्हणून बायकोही यायची, डोक्यावर पदर घेऊन, कधी पिठाचे हात तसेच. माझ्या मागे उभी राहून ती रोज एकच विचारायची, "किती जी?"

मी आकडा सांगायचो आणि ग्लास न बघता मागे धरायचो. ती घ्यायची आणि दाराशी लावलेल्या गोडलिंबाला घालायची. गोडलिंब म्हणजे ज्याला मुलीकडे पुण्यात कढीपत्ता म्हणतात. मोजलेलं पाणी फेकायचं नाही, हा तिचा नियम होता, कचेरीचा नव्हे. ज्या तालुक्यात एप्रिलपासून टँकरची वाट बघतात तिथल्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. दोन मिलिमीटर पडो की वीस, ग्लास झाडालाच जायचा. मी रजेवर असलो की वाचायचीही तीच, आणि माझ्यापेक्षा बरोबर वाचायची, कारण मला चष्मा होता.

पुढे कचेरीत मशीन आलं. ते आपलं आपण मोजतं आणि आपलं आपण कळवतं. माझ्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, मला काही वाटलं नाही. बायकोला वाटलं. "मंग गोडलिंबाचं काय?" असं तिनं विचारलं, जणू काही सरकारनं मशीन तिच्या झाडाला विचारून बसवायला हवं होतं. शेवटी नव्या घराच्या दाराशी तिनं त्याच गोडलिंबाचं रोप आणून लावलं, अंगणात मी स्वतःचा पर्जन्यमापक बसवला आणि स्वतःची वही घातली. ती वही कोणालाच पाठवायची नव्हती. आम्ही दोघांनी ती सात वर्षं चालवली.

जानेवारीनंतर मी वहीला हात लावला नाही. गोडलिंबालाही नाही. मे महिन्यात मुलगी आली तेव्हा तिनं दाराशी उभं राहून फांदी वाकवली, ती काडीसारखी मोडली. "तुमी आईच्या झाडाले पानी बी नाही टाकलं?" ती म्हणाली. मी बघितलं, झाड खरंच वाळलं होतं. रोज मी त्याच्या बाजूनं जात होतो.

तर अशा माणसाला तिनं वर्षावनात न्यायचं ठरवलं. शेजारी माझा जुना दोस्त आहे, त्याचं हार्डवेअरचं दुकान. जुम्म्याची नमाज झाली की घरी जाताना आमच्या ओट्यावर बसतो. तो म्हणाला, "जाव ना बाबूजी. इथं तुमच्यावाचून काय अडून राह्यलं?" आणि दुकानातून गमबूट आणून दिले. एक नंबर मोठे होते. मी बरं म्हणालो.

पुण्यापासून पुढे मुलीनं गाडी चालवली. घाट लागला तसा पाऊस लागला तो तीन दिवस सुटलाच नाही. उतरलो ते एका सुपारीच्या बागेतलं घर होतं, कौलारू, मागे लगेच जंगल. घर चालवणारी बाई चाळिशीची होती, तरतरीत, तिच्या स्वतःच्या हिंदीत बोलणारी. ओसरीवर एक पाटी होती, पाहुण्यांनी करायच्या गोष्टींची. मुलीनं मला वाचून दाखवली. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा झुलता पूल. धबधबा. पानांची ओळख. मिरी आणि वेलदोड्याची बाग. संध्याकाळी बेडकांचे आवाज. आणि अगदी शेवटी, सकाळी पाऊस मोजणे.

मुलगी शेवटच्या ओळीशी थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं की इतकी जंगलं सोडून हेच जंगल तिनं का निवडलं. मी म्हटलं, "बरं."

पहिल्या सकाळी बाईनं आम्हाला मागच्या मोकळ्या जागेत नेलं. पर्जन्यमापक जुना होता, तिच्या सासऱ्यांनी बसवलेला, आणि वहीही तेव्हापासूनची. बागायतदार लोक घरोघरी अशी वही ठेवतात म्हणे. माप इंचात होतं. मला इंच आवडत नाहीत, पण मी पाहुणा होतो. बाईनं बाटली काढली, ती गच्च भरलेली होती. ग्लास अर्ध्या इंचाचा. तिनं तो भरला, उभ्या उभ्या एक नजर टाकली आणि पाणी मागच्या मागे भिरकावून दिलं. पुन्हा भरला, पुन्हा भिरकावला. असं सात वेळा. मानोऱ्याला ग्लास दुसऱ्यांदा भरावा लागला तर बायको शेजारच्या बाईला सांगून यायची.

तिसऱ्या की चौथ्या ग्लासाला माझ्या तोंडातून निघालं, "अरे, फेको मत ना!"

बाई हसली. "तो कहाँ रखूँ अंकल? आसमान में वापस?"

ती बोलली ते खरंच होतं, तरी माझे कान तापले. वाचायची ती पद्धत नव्हे, फेकायची तर नव्हेच. मी काहीतरी पुटपुटलो. चहाला बसल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तुमी चिडले होते."

"नाही."

"चिडले होते. आठ महिन्यांत पयल्यांदा पाह्यलं मी." तिला बरं वाटलं होतं. मला कशाचं काही वाटलं नव्हतं, एक ते पाणी सोडून.

मग आम्ही पाटीवरच्या गोष्टी करत सुटलो. पूल लोखंडी दोरांचा होता आणि हलत होता. दोन्ही बाजूंना झाडांचे शेंडे, खाली धुकं. पाय थरथरतात म्हणाले लोक, माझे थरथरले नाहीत. मुलीनं विचारलं, "कसं वाटते?" मी म्हटलं, "उंच हाये." धबधब्याकडे तास चालून गेलो. पाणी पडत होतं. ते पडणारच, पुढे जमीन नव्हती. इतर पाहुणे फोटो काढत होते, ओरडत होते, एक नवरा-बायको भिजून थंडीनं कुडकुडत हसत होते. मी एका दगडावर बसून गमबुटातलं पाणी काढलं. मुलगी जवळ येऊन उभी राहिली. तिनं किती आशेनं मला तिथवर आणलं होतं ते मला कळत होतं. नुसतं कळत होतं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, आणि इथं तर पाण्याची कमी नव्हती.

परतीच्या वाटेवर बाईनं पानं दाखवली. तिथल्या कितीतरी झाडांच्या पानांना खाली लांब टोक असतं. त्या टोकावरून पाणी निथळून जातं, म्हणजे पान लवकर मोकळं होतं. पाणी अंगावर राहू नये म्हणून झाडानं केलेली ही सोय. मी ते पान हातात धरून बराच वेळ बघितलं. आमच्याकडे पळसाला पानं तीनच, पण त्यातलं एकही पाणी नको म्हणणारं नाही.

घरी आल्यावर मुलगी ओरडली. माझा एक मोजा लाल झाला होता. जळू चिकटली होती, टम्म फुगून पडून गेली होती, आणि घोट्यावरून रक्त वाहत होतं. मला काहीच कळलं नव्हतं. बाई म्हणाली, जळू चावते तेव्हा ती जागा बधिर होते, म्हणून नाही कळत, घाबरू नका. मी घाबरलो नव्हतोच. मुलगी खाली बसून कापसानं माझा पाय पुसत होती, आणि पुसता पुसता ती रडायला लागली.

"कायले रडते?" मी विचारलं.

"तुमाले काहीच कसं नाही समजत बाबा?" ती म्हणाली. "पाय सोडा. आईचं सांगा. त्या दिवशी तुमी वाटी मोजली. माहा हात होता तुमच्या हातावर. मले वाटलं आता तरी हे रडतीन, आन् तुमी वाटी मोजली. तुमाले आई गेल्याचं वाटलं तरी काय?"

बाहेर बेडूक ओरडत होते, पाटीवर लिहिल्याप्रमाणे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला नाही, पण मान खाली घातली आणि पट्टी बांधून आत निघून गेली. मी त्या खुर्चीत बसून राहिलो. मला माझीच लाज वाटली, आणि लाजसुद्धा पातळ होती.

दुसऱ्या सकाळी मी उठलोच नाही. बाईनं दार वाजवलं, "अंकल, बारिश नापेंगे?" मी पाय दुखतो म्हणालो. त्या दिवशी आम्ही मिरीची बाग बघितली. मुलगी माझ्याशी चांगली वागली, फार चांगली, परक्या म्हाताऱ्याशी वागतात तशी. तिनं आशा सोडली होती. ते मला तिच्या चांगलेपणावरून समजलं, आणि त्या दिवसभर तेवढं एक मनाला टोचत राहिलं.

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. सकाळी साडेआठला बाईला बागेत कामगारांकडे जायचं होतं. ओसरीवर वही, पेन आणि ग्लास ठेवून तिनं मला हाक मारून सांगितलं, "आज आप करो ना, आपको आता है." मला येतं हे तिला मुलीनं सांगितलं असणार. मी ग्लास उचलला. माझ्या मागे मुलगी छत्री घेऊन आली, मी भिजू नये एवढ्याचसाठी.

पाऊस सरळ पडत होता. मी नरसाळं काढलं. बाटली बाहेर घेतली, ग्लास भरला आणि चिखलात गुडघा टेकला. चष्मा काढला. एक डोळा मिटला. पाणी कडेनं वर चढलेलं, मधे खाली. खालचं वाचलं. हात स्थिर होता, अगदी कचेरीत असायचा तसा. मी मनात आकडा धरला आणि ग्लास न बघता मागे धरला.

तो कोणी घेतला नाही.

मी तसाच थांबलो. मला वाटलं, पदर सावरत असेल. खरंच, मला हेच वाटलं, की ती पदर सावरते आहे आणि आता घेईल. आता विचारेल किती जी. हात भरून आला तरी मी तो खाली घेतला नाही. ग्लास छत्रीबाहेर होता, पाऊस वरून त्यात पडत होता, म्हणजे माप चुकत होतं, आणि मी ते चुकू देत होतो. कितीतरी वेळानं माझ्या बोटांमधून कोणीतरी ग्लास हळूच काढून घेतला. बोटं बायकोची नव्हती.

मुलीला काय करायचं ते माहीत होतं. लहानपणी तिनं हे रोज दारातून बघितलं होतं. तिनं ग्लास हातात धरला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, कोनत्या झाडाले टाकू?"

मीही बघितलं. समोर जंगल होतं. खोडांवरून पाणी वाहत होतं, शेवाळातून वाहत होतं, पानांच्या टोकांवरून गळत होतं. मी एकेक झाड बघत गेलो. एकालाही तहान नव्हती. त्या एवढ्या रानात तो अर्ध्या इंचाचा ग्लास कोणालाच नको होता, आणि ज्या एका झाडाला हवा होता ते मी माझ्या दारात वाळू दिलं होतं.

"माही लाडकी..." मी म्हणालो, मुलीला की कोणाला ते मलाही सांगता येणार नाही. मी चिखलात बसलो आणि रडलो. तोंड वाकडं करून, नाक गळत, पोरं रडतात तसा. माझी बायको गेली होती. ती जानेवारीत गेली होती आणि मला ते सप्टेंबरात कळत होतं. मुलीनं छत्री टाकली, ग्लास तसाच धरून ती माझ्याजवळ चिखलात बसली आणि दुसऱ्या हातानं तिनं मला धरलं. ती दोनतीनदा "बाबा" म्हणाली.

बाटलीत आणखी पाणी होतं. ते कधी कलंडलं ते आम्हाला समजलं नाही.

बाई छत्री सावरत आली तोवर आम्ही ओसरीवर ओले बसलो होतो. तिनं आमच्याकडे बघितलं आणि वही पुढे केली. "कितना हुआ?" मी सांगितलं, मोजता आलं नाही. तिच्या सासऱ्यांपासूनच्या वहीतला तो एक दिवस माझ्यामुळे बुडाला होता. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली काही हरकत नाही, आणि त्या जागी शून्य लिहायला तिनं पेन टेकवलं.

"शून्य नाही," मी म्हणालो. पेन मी तिच्या हातातून घेतलं आणि आडवी रेघ मारली. मग मला वाटलं की हे मुलीलाही सांगितलं पाहिजे, म्हणून तिच्याकडे वळून सांगितलं. "शून्य म्हंजे पाह्यलं, आन् पाऊस नव्हता. रेघ म्हंजे त्या दिवशी पाह्यलंच नाही. तुह्या आईच्या येळी मी शून्य नव्हतं लिवलं माय. माह्याच्यानं पाहून नाही झालं."

ती माझ्या चिखलाच्या हाताकडे बघत राहिली. जलदानाच्या दिवशी तिचा हात याच हातावर होता.

"आन् आता?" तिनं विचारलं.

"आता पाहून राह्यलो," मी म्हणालो.

ग्लास अजून तिच्या मांडीवर होता, अर्धा सांडलेला. ती उठली, गाडीतून आपली पाण्याची बाटली आणली, ती रिकामी केली आणि ग्लासातलं उरलेलं पाणी तिच्यात ओतून झाकण घट्ट लावलं. "चला," ती म्हणाली, "मानोऱ्याले जाऊ."